धुतलेला फिल्टर

जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या अ‍ॅलर्जी दवाखान्यात उर्जा शिंक दाबून बसली होती. समोर बाप-लेक बोलत होते. इथे मराठी कुणाला कळतंय, या भरवशावर जरा मोठ्यानेच.

"तनय, माझं परतीचं तिकीट अलीकडचं कर. मला इथली हवा मानवत नाही."

"बाबा, हवेचा दोष नाही. गोंधळ मी घातलाय."

"तू? तू तर गाड्यांचे एअर फिल्टर डिझाइन करतोस."

"म्हणून तर सांगायची लाज वाटतेय. आपल्या घरात बाहेरची हवा छतातल्या नळ्यांमधून येते ना, तिथे परागकण अडवायला फिल्टर असतो. तो काळा झाला होता."

"मग?"

"पुण्यात एसीची जाळी धुवायचो, तसा नळाखाली धुतला. हा धुवायचा नसतो, बदलायचा असतो."

"हे तुला माहीत नव्हतं?"

"ऑफिसात माहीत असतं. आणि वर तो बाल्कनीत वाळत घातला."

"त्या बर्चच्या झाडासमोर? तिथे परागांनी सगळं पिवळं झालंय."

"गेनाऊ, अगदी त्याच्यासमोर. ऊन तिथेच येतं."

"आणि तसाच परत बसवलास."

"बसवला. आणि तुम्हाला बजावलं, खिडकी उघडू नका, पराग आत येतील."

हसू लपवायला उर्जाने मोबाइलमध्ये डोकं खाली घातलं.

"मी खिडकीपाशी चोरासारखा उभा राहायचो रे."

"बघत होतो. नवा फिल्टर आलाय आज. तिकिटाचं काय करू?"

बाबा रुमालात दोनदा शिंकले.

"आहे तेच राहू दे. पण फिल्टर मी बसवणार. तू नुसता टॉर्च धर."