‘बिचारी’ची खूण

दाताच्या दवाखान्यात नावं पुकारणाऱ्या बाईचे कान बाकावरच्या दोघींकडेच लागले होते.

“खिडकीपाशी बसलीय ती तुमची सून ना? ऐकू न येणारी? बिचारी!”

“बिचारी कसली! काल भांडणात मला पार गार केलं तिने.”

“भांडते? ती कशी?”

“हातांनी. माझे हात भांड्यांच्या फेसात, मग मी उत्तर कशाने देणार?”

“अगबाई! म्हणजे तुम्हीपण हातांनी बोलता?”

“अख्खं घर बोलतं. आधी मी ओरडून बोलायचे. तिला ढिम्म कळायचं नाही, घसा मात्र माझा बसायचा. ‘बिचारी’ची खूण सांगू? गालावरून असं बोट ओघळत आणायचं.”

सासूबाईंना आत बोलावलं. दाढ काढून त्या बाहेर आल्या, तोंडात कापसाचा बोळा.

“फार दुखलं का हो?”

“म्म.”

सुनेचे हात हलले. सासूचे त्याहून जोरात. दोघी खिदळायला लागल्या. काही न कळताही पुकारणारी बाई हसली.

“काय म्हणतेय ती?” बाकावरच्या बाईने विचारलं. “अहो, मलापण सांगा की कुणीतरी!”

“म्म!”

सुनेने त्या बाईकडे मोठ्या मायेने पाहिलं आणि आपल्या गालावरून हळूच एक बोट ओघळत आणलं.