दातांचा दवाखाना बंद असतो त्या दिवशी

माझा जन्म कापड्याचा, पोलादपूर तालुक्यातलं कापडे, तिथली बौद्धवाडी, आणि वाडीतली बी.एस्सी. झालेली पहिली मुलगी मी. हे मी अभिमानाने सांगते, कारण ते मी मिळवलेलं आहे, आणि लगेच हेही सांगते की पुढे जे घडलं त्यात त्या बी.एस्सी.चा उपयोग मला वाटला होता त्याच्या निम्मासुद्धा झाला नाही.

वडील दासगावच्या शाळेत गुरुजी, शनिवारी घरी यायचे. आई उमरठची, आणि तिचा आवाज, काय सांगू तुम्हाला, ती खाचरातून मला हाक मारायची आणि पलीकडच्या वाडीतल्या बायका दुपारची भाकरी फडक्यातून सोडायच्या, म्हणजे वेळ झाली असं समजून. घड्याळ आमच्याकडे होतं, पण गावाचा भरवसा आईच्या ओरडण्यावर जास्त होता.

मी तेव्हा पोलादपूरच्या हायस्कुलात प्रयोगशाळेचं काम बघत होते आणि जूनमध्ये पुण्याला रसायनशास्त्रात एम.एस्सी.ला जायचं ठरलेलं होतं. त्या वर्षी भाताची झोडणी आटोपली आणि आई गप्प झाली. भांडण नाही, मयत नाही, ताप नाही, कारणच सापडेना, आणि कारण नसलेली गोष्ट मला सहन व्हायची नाही. जेवण अर्ध्या भाकरीवर आलं, झोप उडाली, कणगीला टेकून बसायची ती बसायचीच. पोलादपूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, टॉनिक दिलं, सुया दिल्या, आणि शेवटी एप्रिलात बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, गुरुजी, महाडला महिन्यातून दोन गुरुवारी पुण्याचे मानसोपचाराचे डॉक्टर येतात, खाजगी आहेत, त्यांना दाखवा.

बाबा भगताच्या दारात कधी न गेलेले, पण मानसोपचार हा शब्द त्यांच्याही तोंडून निघेना, वाडीत त्यांनी पोटाचा डॉक्टर असं सांगितलं. आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, आमच्यातच राहायची, तिला काहीच पटेना. ती म्हणाली, वैनी काय कापडं फाडते, का दगूड मारते, नुसती गप हाय, गप बायको कुनाला नको असते रे दादा. एरवी आईने याला सव्याज उत्तर दिलं असतं. ती तशीच बसून राहिली, तेव्हा मी ठरवलं की जायचंच. आणि आणखी एक ठरवलं, ते फक्त बाबांना सांगितलं, की आई अशी असेल तर मी पुण्याला जाणार नाही. कॉलेजला तसं पत्र लिहून पिशवीत ठेवलं, पेटीत टाकायचं तेवढं बाकी होतं.

आता आमची तयारी ऐका. आत्याने आईला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवलं, कारण रक्त उपाशीपोटी काढतात हे तिला पक्कं माहीत होतं. लघवी खोबरेल तेलाच्या बाटलीत घेतली. ठेवणीतलं लुगडं नेसवलं आणि एस्टीत सबंध रस्ताभर शिकवत राहिली, इचारलं तर बरं हाय म्हनायचं, परक्या मानसापुढं रडगानं गायचं नाय. मी मनात हसत होते, पण माझी तयारी त्याच जातीची होती. माझ्याकडे अठरा दिवसांची वही होती, झोपेचे तास, भाकरीचे तुकडे, नाडीचे ठोके, सगळं रकाने आखून, आणि माझी खात्री होती की तिथे एखादं यंत्र असेल, ते आईला लावतील, कागदावर रेघ उमटेल आणि माझी वही त्या रेघेशी जुळेल.

यंत्र नव्हतं. बाजारपेठेच्या मागे दातांचा दवाखाना होता, गुरुवारी बंद, त्या दिवशी ती जागा या डॉक्टरांना. बाहेर बाकावर सात-आठ माणसं आणि सगळ्यांचा हात गालाला. आत्याने शेजारच्या बाईला विचारलं, काय गो, दाढ? ती म्हणाली, दाढ. पलीकडे एक म्हातारबाबा होते, तोंडात एक दात नाही, ते म्हणाले, माजी पन दाढच. आत्याने त्यांच्या बोळक्याकडे पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला. आधी म्हातारबाबाच हसले, मग सगळा बाक हसला, मग ज्याचं त्याचं खरं बाहेर यायला लागलं, झोप नाही, भीती वाटते, सून बोलत नाही, तासभर नुसतं तेच चाललं होतं. आई ऐकत होती.

आत दोन वेताच्या खुर्च्या, दातांची मोठी खुर्ची चादरीखाली झाकलेली, आणि साधे, बुटके, चष्मेवाले डॉक्टर. त्यांनी आईला नाव विचारलं, ते आत्याने सांगितलं. वय बाबांनी सांगितलं. काय होतंय ते मी सांगायला लागले, वही उघडून. आई म्हणाली, बरं हाय. डॉक्टरांनी तेलाची बाटली दोन्ही हातांनी घेऊन अदबीने खिडकीत ठेवली, बाई उपाशी आहेत हे कळल्यावर चहा आणि खारी मागवली, ती खाऊन होईपर्यंत एक शब्द विचारला नाही, आणि मग आम्हा तिघांना बाहेर काढलं. मला याचा इतका राग आला की मी बाकावर बसलेच नाही. चाळीस मिनिटं. दाराची काच दुधी, आत्याने कान लावून पाहिला, काही कळलं नाही, एवढंच की आई बोलत होती.

नंतर आईला विचारून त्यांनी आम्हाला आत घेतलं. म्हणाले, हा आजार आहे, उदासीचा, मधुमेहासारखाच आजार, यांचा दोष नाही नि तुमचाही नाही. गोळ्या आहेत, पहिले दोन आठवडे फक्त तोंड कोरडं पडेल, गुंगी येईल, फरक दिसणार नाही, तिसऱ्यात दिसेल बहुतेक, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. आत जे बोलणं झालं ते यांचं आहे, मी सांगणार नाही. मी विचारलं, चाचणी नाही, यंत्र नाही, मग निदान कशावरून? त्यांनी माझी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, खरंच वाचली, आणि म्हणाले, काम उत्तम आहे. पण ताई, अठरा दिवस तुम्ही आईकडे बघितलंत, एकदाही त्यांना विचारलं नाहीत.

बारा दिवस झाले, तोंड कोरडं पडलं, फरक शून्य. आत्या म्हणाली, बंद करा. आणि मला सांगायला लाज वाटते, आकडे पाहून मीही बंद करायला निघाले. तेव्हा आईच म्हणाली, त्यांनी तीन आठवडं सांगितल्यात, तू मोज, मी गिळते.

तेविसाव्या दिवशी अंगणात कैरीच्या फोडींची आंबोशी वाळत होती आणि शेजारची बकरी त्यात तोंड घालत होती. आई कणगीपासून उठली आणि ओरडली, हाड गो मेले, माजी आंबोशी! अशी ओरडली की पलीकडच्या वाडीतल्या बायकांनी सकाळी नऊला भाकऱ्या सोडल्या. सुट्टीला आलेले बाबा अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर धावले. आत्याने बकरीला अख्खी भाकरी दिली, मुके घेतले, आणि बकरीच्या मालकिणीला कळेना की भांडायचं की आभार मानायचे.

पुढच्या गुरुवारी आईने मला आत बोलावलं आणि डॉक्टरांसमोर म्हणाली, ही माज्यापायी पुन्याला जायाची थांबलीया. बाबांनीच सांगितलं असं वाटून मी वळले, ते तर बाहेर. आई म्हणाली, मी गप होते गो, भैरी नव्हते. गोळी मी गिळते, गाडी मला ठाव हाय, डाक्टर मला ठाव हाय, तुजं काम काय हितं? पिशवीतलं ते पत्र मी तिथेच फाडलं आणि जूनमध्ये पुण्याला गेले.

दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर बाबांचं पत्र आलं, आई पुन्हा कमी बोलते. मी तशीच निघाले, कापड्याला पोहोचले तर आई घरात नाही. आत्या म्हणाली, गेली की महाडला, एकटी, झोप उडाली तशी चवथ्या दिवशी म्हनाली, ह्ये त्येच हाय, मी जाऊन येते. संध्याकाळच्या गाडीतून आई उतरली, काखेत पिशवी, मला पाहून थबकली आणि म्हणाली, तू कशाला आलीस? परीक्षा हाय ना तुजी? उद्याच्या पयल्या गाडीनं परत जा. मी पहिल्या गाडीने परत गेले.

आता मी महाडच्या कॉलेजात शिकवते, शनिवारी कापड्याला जाते. संध्याकाळी बुद्धवंदना संपली की आमच्याकडे सगळ्यांचं मंगल मागतात. मी त्यात आपली एक भर घालते, की ज्यांच्या घरी माणूस गप्प झालंय त्यांना वाट सापडो, आणि अजून काय काय, माझी यादी लांबतच जाते. मग चुलीपासून आई ओरडते, साऱ्या जगाचं मंगल मागून झालं असंल तर पानं घ्या गो, कालवन निवतंय.