चौथ्या मजल्यावरचा दिवा चांगला आहे

माननीय अध्यक्ष महाशय, मंचावरचे पाहुणे, आपले सेक्रेटरी, आज ज्यांना निरोप द्यायला जमलोय ते आपल्या इमारतीचे वायरमनभाऊ, आणि समोर बसलेल्या माझ्या लेकी-सुनांनो, जावयांनो, नातवंडांनो,

मला बोलायला बोलावलंत, केवढा आनंद झालाय म्हणून सांगू! शाळा माझी दुसरीतच सुटली, तेव्हा भाषण भरकटलं तर दोष शाळेचा. सेक्रेटरी, घड्याळ काय बघता? आत्ताशी तर उभी राहिलेय.

तर आमच्या चौथ्या मजल्यावरचा दिवा. माणूस आलं की आपोआप लागणारा. संध्याकाळी घरातल्या भिंती बघण्यापेक्षा मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसते, येणारं-जाणारं दिसतं. लिफ्ट झाल्यापासून जिन्याने कोणी येत-जात नाही, ते सोडा. पण मी बसले की दिवा विझायचा! तक्रार केली. भाऊ चढून आले, तर दिवा लख्ख.

"आजी, चालू आहे की!"

ते खाली गेले, दिवाही गेला. मला वाटलं, म्हातारीच्या अंगात ऊब कमी पडत असेल. म्हणून स्टुलावर चढून गरम पाण्याची पिशवी त्याच्यासमोर धरली. लागला, आणि मेला पुन्हा विझला!

"आधी खाली उतरा!" पुन्हा वर आलेले भाऊ ओरडले. मग समजावलं. आत म्हणे एक स्फटिक असतो, खड्यासारखा. त्याची ऊब वाढली किंवा उतरली की त्यातून जराशी वीज निघते. ऊब तेवढीच राहिली, मग ती कितीही असो, वीज नाही.

"म्हणजे आल्या-गेल्याची दखल, बसलेल्याची नाही? माझ्या मुलावर गेलाय की हो हा खडा!"

"हात हलवत जा, आजी," भाऊ हसून म्हणाले. तेव्हापासून मी हात हलवत बसते.

एकदा मुलाचा फोन आला, यंदाही यायला जमत नाही म्हणून. मी बाहेर बसले, पण हात हलवावासाच वाटेना. थोड्या वेळाने जिन्यात पावलं वाजली, दिवा लागला. भाऊ! मी तर तक्रार केली नव्हती.

"खालून आज अंधारच दिसला," एवढंच म्हणाले आणि पायरीवर बसले. दिवा विझला. दोघांपैकी कोणीच हात हलवला नाही. तसेच बसून राहिलो. सभेत सांगण्यासारखं यात काय आहे? पण यांच्या सत्काराला मला दुसरं काही आठवेना.

उद्या भाऊ मुलीकडे राहायला जाणार. चांगलंच झालं, हक्काचं माणूस आहे. सेक्रेटरींनी मला दुरुस्तीच्या कंपनीचा नंबर दिलाय. "दिवा बिघडला की फोन करा." पण दिवा चांगला आहे हो. तक्रार कशाची करू?

असो. भाऊ, सुखात राहा. तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, बरं वाटलं. कमी-जास्त बोलले असेन तर म्हातारीचं म्हणून पोटात घाला. आणि कधी लिफ्ट बंद असली, किंवा चालू असली तरी, जिन्याने या. मी बाहेरच बसलेली असते.