नऊ मीटरची गल्ली

सिंधुताई : तुमच्या हपिसानं माह्या पोटावर पाय देल्ला, सुजय! घरात पोहे शिजवले म्हणून दारावर नोटीस? अन् तिकडं मेन रोडवर बिनपरवानगीचं चार मजली लॉज उभं राह्यलं, तवा तुमचे साहेब कोणत्या बिळात बसले होते?

सुजय : काकू, मी छोटा माणूस. नगर नियोजनात टेप पकडतो फक्त.

सिंधुताई : कागद चिकटवाले मोठा झाला होता ना! दहा वर्षं झाले, जामुलच्या सिमेंट कारखान्यातले पोरं माह्या हातचे पोहे-तर्री खाऊन ड्युटीवर जातात. कोणाचं पोट नाही दुखलं. दुखलं ते तुमच्या साहेबाचं. म्हणे, निवासी क्षेत्रात धंदा, मेस बंद करा!

सुजय : अरे, सुनो तो! तेच सांगाले आलो. नियम बदलून राहिला. पालिकेनं नवा मसुदा काढला. ज्या गल्ल्यांत लोकं घरूनच धंदा करतात, तिथं खालच्या मजल्यावर दुकान, मेस, शिलाई, सब चलेगा. तुमची गल्ली यादीत आहे.

शेषराव : ऐकलं का? पोहे दे त्याले.

सिंधुताई : थांबा हो. हपिसातलं माणूस गोड बोललं की मागून 'पण' येते.

सुजय : ...पण.

सिंधुताई : पाह्यलं?

सुजय : कुठं काय चालेल, ते शहर ठरवते. बांधकामाच्या हद्दी मात्र राज्याच्या. राज्य म्हणते, दुकानासमोर रस्ता कमीत कमी नऊ मीटर पाहिजे. आग लागली तर बंब आत आला पाहिजे. पालिका नऊचे दहा करू शकते, साडेआठ नाही. तिथं आयुक्तांचाही हात पोचत नाही.

शेषराव : मंग चिंता काय? ले-आउटच्या नकाशात तीस फुटाचा रोड आहे. तो पाहूनच मी प्लॉट घेतला. नऊ मीटरच्या वर जाते.

सुजय : काका, आता मोजला मी. सात मीटर साठ.

सिंधुताई : दीड मीटर गल्ली कोणी खाल्ली? ठेकेदारानं? का तुमच्याच कोणी? नाव सांग, आत्ता त्याच्या दारी जातो मी!

सुजय : काकू, तुम्ही बसल्या कशावर?

सिंधुताई : माह्या ओट्यावर.

सुजय : अन् ओटा कुठं आहे?

शेषराव : ...रोडवर.

सिंधुताई : काय म्हणता?

शेषराव : आता काय सांगू! सेक्टर सहाच्या कंपनीच्या कॉटरात तीस वर्षं काढले. कॉटर भेटलं की पहिलं काम कोणतं? समोर टिन टाका, कुंपण लावा, दोन हात पुढं सरका. कंपनीची जागा, कोणाच्या बापाची थोडीच! सगळेच करत. आपलं घर बांधलं तवाही हात आपसूकच पुढं गेला.

सिंधुताई : म्हणजे आपल्याच रस्त्यावर डाका?

शेषराव : सवय! माहा ओटा पाहून समोरच्यानं स्कूटरसाठी उतार केला. तो पाहून बाजूच्या मैनाबाईनं तुळस बाहेर मांडली. मंग गल्लीतले बाराही घरं सरकले.

सिंधुताई : अगं माय! मी साऱ्या दुनियेत चोर शोधून राहिलो, अन् चोर माह्याच घरी चहा पिऊन राहिला!

सुजय : हसू नका काकू, सोमवारी हरकतीची शेवटची तारीख आहे. तोवर रस्ता नऊ भरला नाही तर गल्ली यादीतून कटली. मेस गेली.

सिंधुताई : राज्याचा आकडा हालत नाही म्हणतो?

सुजय : नाही.

सिंधुताई : मंग ओटा हालीन. अहो, घण काढा.

शेषराव : माहे गुडघे...

सिंधुताई : बांधताना बरे चालत होते!

शेषराव : अन् मैनाबाई? ते तुळशीले हात लावू देईन?

सिंधुताई : तिची सून घरी ब्लाऊज शिवते. आज कागद माह्या दारावर, उद्या तिच्या. मी समजावतो तिले. आधी आपला फोडू, मंग तोंड वर करून बोलता येईन.

(रविवार दुपार. तीच गल्ली.)

सुजय : बाप रे! शादी आहे का इथं?

सिंधुताई : त्याच्याहून मोठं! मैनाबाईची तुळस डफडं वाजवत आंगणात नेली. साऱ्या गल्लीनं मलब्यात बसून पोहे खाल्ले. दोन घरं दहा वर्षांपासून बोलत नव्हते, काल एकाच घणावर भांडले!

शेषराव : टेपचं टोक मी धरतो. सैल सोडू नको बे, प्लांटात रिगर होतो मी, दोर ताणण्यातच जिंदगी गेली.

सुजय : आठ पन्नास... आठ नव्वद... नऊ... नऊ बारा! हो गया, काका!

शेषराव : नकाशात नऊ चौदा होते. दोन सेंटीमीटर कुठं गेले?

सिंधुताई : राहू द्या, ते सरकारले आहेर! लिही सुजय, ठळक लिही.

सुजय : लिहिलं. उद्या फाइल वर जाईल. समिती, मंग सभा... टाइम लागते, काकू.

सिंधुताई : किती?

सुजय : ते साहेबांनाच माहीत.

सिंधुताई : लाव फोन.

सुजय : आज रविवार आहे!

सिंधुताई : आमचाही रविवारच आहे. लाव. स्पीकरवर टाक... हालो, साहेब? मी सिंधुताई. आमी चुकलो होतो, आमच्या हातानं फोडून टाकलं. गल्ली नऊ बारा भरली. आता मंजुरीची तारीख सांगा. बोला, साहेब. बाराही घरं ऐकून राहिले.