मेसेज अजून फिरतोय

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बायका बसल्या होत्या. थोरली फोनवर बोलत होती. "रक्त मिळालं गं पोरी. तू येऊ नकोस, घरी जा."

"कुणाला रक्त हवंय, काकू?"

"आमच्या धाकट्याला हवं होतं, अपघात झाला तेव्हा. भाचीनं ग्रुपवर टाकलं आणि रक्त द्यायला रांग लागली. ओळख ना पाळख, पण माणसं धावत आली."

"देवासारखी आली म्हणायची. वाचला ना?"

"नाही गं. तीन वर्षं झाली त्याला जाऊन."

"मग हा आताचा फोन?"

"तो मेसेज अजून फिरतोय. त्यावर तारीख नाही, नंबर मात्र माझा आहे. ही मुलगी तर रिक्षात बसून निघालीसुद्धा होती."

"अहो, मग खरं सांगून टाकायचं."

"पहिला फोन करणाऱ्याला सांगितलं. तो इतका रडला की मलाच त्याची समजूत काढावी लागली. तेव्हापासून सगळ्यांना सांगते, बरा झाला."

"काकू, नंबर बदला तुम्ही."

"बदलणार होते. पण बरा झाला म्हटलं की लोकांना किती आनंद होतो. ही विचारत होती, आता काय करतो?"

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, यंदा नोकरीला लागला. सकाळीच डबा घेऊन गेला."