यमुनाबाईंचे थांबे

मंडळी, सरका थोडं पुढं, मागं माणसं उभी आहेत. पेटीवाले, सूर जरा खाली घ्या... हां! आता ऐका.

आज मी तुम्हाला एक प्रश्न विचारणार आहे. समजा, तुमच्या घरी एक गडी आहे. तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून कामाला लागलेला! सुट्टी नाही, सणवार नाही. तुम्ही झोपलात तरी हा जागाच! चाळीस-पन्नास वर्षं अशी गेली. आणि एके दिवशी चालता चालता तो जरासा अडखळला. पडला नाही हो, नुसता अडखळला! तर तुम्ही काय कराल? मायेनं त्याच्या पाठीवर हात ठेवाल — की 'हा आता दगा देणार' म्हणून त्याच्यावर पहारा बसवाल?

काय म्हणालात? "हात ठेवू"? वा! मांडी घालून बसलं की सगळेच शहाणे! पण मी सांगतोय त्या यमुनाबाईंनी पहारा बसवला, मंडळी. कडक पहारा! तो कसा बसवला आणि कसा उठला, तेच आजचं आख्यान.

येवला! पैठणीचं गाव. तिथं एका गल्लीत यमुनाबाईंचं विणकराचं घर. नवरा मुकुंद, सासरे रंगनाथतात्या, आणि लग्नाला आलेली लेक केतकी. वीस वर्षं यमुनाबाई मागावर बसत होत्या. दुसऱ्यांच्या लेकींसाठी किती पैठण्या विणल्या! आणि आता स्वतःच्या लेकीसाठी पहिली विणायला घेतली होती. वैशाखातलं लग्न. मोरपंखी अंग, जांभळे काठ. बाईचा आनंद मावेना.

पौषातली सकाळ. धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं... धोटा म्हणजे काय, पोरांनो? आडवा धागा वाहून नेणारं लाकूड. तो छान चाललाय — आणि एकदम छातीत! एक ठोका गायब! जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं झालं. आणि लगेच दुसरा ठोका — धप्प!

यमुनाबाईंनी धोटा सोडला. उजव्या हाताचं बोट डाव्या मनगटावर. एक, दोन, तीन, चार... चाललंय. बरं आहे. पुन्हा धोटा घेतला. दोन बोटं कापड झालं नाही तोच मन म्हणालं, "बघ गं, चाललंय ना अजून?" पुन्हा बोट मनगटावर!

इथंच सगळी गंमत आहे, मंडळी! बोट मनगटावर गेलं की भीती वाढते. भीती वाढली की धडधड वाढते. धडधड वाढली की बोट पुन्हा मनगटावर! रहाटच तो! बैल नाही, पाणी नाही — नुसतं गरगर गरगर!

ओ काका! खांबाजवळचे! मनगट सोडा! मी बघतोय. आख्यान यमुनाबाईंचं आहे, तुमचं नाही!

बरं, बाईंनी हे सांगितलं कुणाला? कुणालाच नाही! का? तर त्यांचे वडील असेच बसल्या जागी गेलेले. यमुनाबाईंनी मनाशी पक्कं केलं — माझंही तेच होणार. घरात लग्न आहे, लेकीच्या आनंदात माती कशाला कालवू? आणि मग बाई लागल्या मरणाच्या तयारीला! कशी तयारी? स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. हळद. धनेपूड. मेथ्या. मोहरी. मुकुंदराव म्हणाले, "काय गं, आचारी यायचाय का?"

"असू द्या. तुम्हाला मेथ्या न् मोहरीतला फरक कळत नाही."

"तू आहेस ना!"

झालं! "तू आहेस ना" म्हटल्यावर बाई मोरीत गेल्या आणि नळ सोडून रडल्या. मुकुंदरावांना वाटलं, भांडी घासतेय. आपण पुरुष माणसं अशीच, नाही का? नळाचा आवाज तेवढा ऐकू येतो!

बाईंना एकच घोर — जीव जायच्या आत लेकीची पैठणी पुरी व्हावी. पण पैठणी पुढं सरकेना. सरकणार कशी? विणायचं कमी आणि नाडी बघायची जास्त!

आता तात्यांकडं या. रंगनाथतात्या! वय अठ्ठ्याहत्तर. साठ वर्षं मागावर बसलेला माणूस. नजर अधू झालेली, पण जीभ शाबूत आणि चहाची तल्लफ त्याहून शाबूत! त्यांची एक खोड होती. घरात नवं कापड विणलं जात असलं की मागाशी येऊन त्यावर बोटं फिरवायची. डोळ्यांना दिसत नव्हतं ते बोटांना दिसायचं.

फाल्गुनात एके दुपारी आले. "बघू गं, नातीची पैठणी."

मागावर हातभर कापड ताणलेलं होतं. तात्यांनी बोटं ठेवली. हळूहळू सरकवली. आणि थांबले.

"इथं थांबलीस."

बोट पुढं गेलं. "इथं थांबलीस. इथं. इथं पण. अगं, एका वितीत नऊ थांबे?"

मंडळी, समजून घ्या हं. विणकराचा हात एका लयीत असतो. मध्येच थांबून पुन्हा सुरू केलं की पहिला धागा कमी-जास्त दाबाचा बसतो आणि केसासारखी बारीक रेघ उमटते. तुमच्या-माझ्यासारख्याला दिसायची नाही. पण साठ वर्षं मागावर काढलेल्या बोटांपासून काय लपणार?

यमुनाबाई म्हणाल्या, "तात्या, कामं असतात घरात. उठावं लागतं."

"मला शिकवतेस? जेवायला उठलेला थांबा मला कळतो. पाव्हणा आला म्हणून उठलेला कळतो. ते निवांत थांबे असतात. हे तसले न्हाईत. हे दचकून थांबलेत." म्हातारा तिच्याकडं वळला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "यमुने, कशाला भितेस?"

दोन महिने, मंडळी! दोन महिने नवऱ्याला कळलं नाही, लेकीला कळलं नाही. कापडानं सांगितलं! यमुनाबाईंचा बांध फुटला. "तात्या, माझं काळीज बंद पडायला लागलंय हो. वैशाखापर्यंत राहत नाही मी."

"आन् हे तू मला आज सांगतेस!" तात्या कडाडले. दुसऱ्याच क्षणी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मुकुंदा! गाडी काढ!"

नाशकाला नेलं. डॉक्टरीणबाई शांत, हसऱ्या. त्यांनी छातीचा आलेख काढला, सोनोग्राफी केली, रक्त तपासलं. शिवाय चोवीस तास छातीला वायरी लावून एक यंत्र गळ्यात अडकवून दिलं. तात्या यंत्र चाचपून म्हणाले, "ह्याच्यात बातम्या लागतात का गं?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सगळे कागद बघितले. "यमुनाबाई, हृदय अगदी ठणठणीत आहे. मधूनच एक ठोका लवकर पडतो, मग जरा खंड पडतो, आणि पुढचा ठोका जोरात जाणवतो. दिवसभरात असे पन्नासेक सापडले. मला यंत्र लावलं तर माझेही सापडतील. ह्यानं माणूस दगावत नाही. चक्कर येऊन पडलात, किंवा चालताना छातीत दुखलं, दम लागला, तर मात्र लगेच यायचं. चहा किती घेता?"

"दोन-तीन कप."

"सात!" मुकुंदराव म्हणाले.

"दोनच घ्या."

तात्या घाबरले! "बाई, ती करते म्हणून मला मिळतो! तिचा कमी करा, माझा कशाला?"

तर मंडळी, आख्यान संपलं? आनंदीआनंद झाला? झाला ना! आठ दिवस बाई गाणी म्हणत विणत होत्या. आणि नवव्या दिवशी मनात किडा वळवळला — "यंत्र लावलं त्या दिवशी ठीक होतं. पण आज?" बोट पुन्हा मनगटावर!

हसू नका. ज्याला हे झालंय त्याला विचारा! अहवालाचा कागद कपाटात ठेवता येतो हो, पण मनाला दर सकाळी नवा अहवाल लागतो. बाई पुन्हा नाशकाला गेल्या. "बाई, परत एकदा यंत्र लावा."

डॉक्टरीणबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. "लावणार नाही. लावलं तर तुमची खात्री व्हायची नाही, तपासायची सवय तेवढी वाढेल. धडधड आली की तिला म्हणा, आलीस का, ये. श्वास सावकाश सोडा. आणि हातातलं काम सोडू नका. भीती जाईपर्यंत काम थांबवायचं नाही, भीती बरोबर घेऊन काम करायचं. जमेल हळूहळू."

सांगायला सोपं! पण करायचं कसं? तिथं म्हातारा उभा राहिला. घरी आल्यावर मागाशेजारी भिंतीला टेकून बसले तात्या. "धडधडलं तर धडधडू दे. धोटा सोडायचा न्हाई. सोडलास तर मला सांगू नकोस — बोटाला कळेलच!"

आणि एक बघा बरं का. तात्यांनी "काही होत नाही तुला, उगीच घाबरतेस" असं एकदाही म्हटलं नाही. आपण काय करतो? घाबरलेल्या माणसाला तेच सांगतो, आणि तो बिचारा घाबरल्याबद्दल आणखी लाजतो! म्हातारा नुसता शेजारी बसायचा. संध्याकाळी बोटं फिरवायची, सांगायचं. पहिल्या दिवशी दोन बोटं कापड बिनथांब्याचं. आठवड्यानं चार बोटं. मग एकदा अख्खी वीत! तात्यांनी त्या दिवशी अर्धा कप चहा स्वतःहून कमी घेतला. याहून मोठा त्याग त्यांच्याकडं नव्हता!

चैत्र आला. अंगाचं विणकाम संपत आलं होतं, मग पदर घ्यायचा. आणि एका सकाळी धडधड आली! एक ठोका चुकला. दुसरा चुकला. मग ओळीनं पाच-सहा! धप्प, धप्प! हातापायाला मुंग्या. कानात गरम वारं. आता हेच ते — आता जाणार मी! बोट मनगटाकडं निघालं...

"तात्या, आली."

"येऊ दे. धोटा कुठाय?"

"हातात."

"मग टाक पलीकडं."

टाकला! डोळ्यांतून धारा लागल्या. रेशमावर डाग पडू नये म्हणून बाई मान वळवून रडत होत्या, मंडळी — पण हात थांबला नाही! इकडून तिकडं. "आलीस का, ये." तिकडून इकडं. "ये, बस." श्वास सोडला, धोटा टाकला. श्वास सोडला, धोटा टाकला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. आणि कधीतरी ध्यानात आलं की छातीतलं काम आपलं नेहमीसारखं चाललंय.

"गेली, तात्या."

तात्या उठले. बोटं ठेवली, हळूहळू सरकवली. पुन्हा पहिल्यापासून सरकवली. कपाळाला आठी! "यमुने, कुठं आली होती गं?"

बाईंनी चष्मा लावला. खाली वाकल्या. नाक टेकेल इतक्या जवळून बघितलं. सापडेना! जिथं आपण मेलो असं वाटलं, तिथं कापडात एक रेघसुद्धा नाही! सगळं सरळ, सारखं, मोरपंखी!

बाई बघत राहिल्या. आणि मग तीन-चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी बोट मनगटावर न ठेवता सबंध तळहात छातीवर ठेवला. मोजायला नाही. म्हणाल्या, "बाबा रे, मी आईच्या पोटात होते तेव्हापासून तू राबतोयस. मी कधी विचारलं नाही, तू कधी मागितलं नाहीस. जरासा अडखळलास तर मी तुला चोर ठरवलं. चुकले रे. लई उपकार आहेत तुझे."

घ्या, तबलजी, जरा सावकाश —

धोटा चाले, माग चाले, आत चाले कोण रे?
मी न हलवी, मी न थांबवी, मजवरी हे ऋण रे!

वैशाखात लग्न लागलं. आदल्या दिवशी मुकुंदराव म्हणाले, "केतकी, अर्ध्या पैठणीत रेघा आहेत म्हणे. दुसरी आणू का?" लेक काय म्हणाली? "बाबा, आईनं घाबरत घाबरत विणलीय. पण विणायची सोडली नाही. मी हीच नेसणार." आणि नेसली!

बाईंची धडधड कायमची गेली का? छे! ऐन मंगलाष्टकांत आली! यमुनाबाई मनात म्हणाल्या, "आलीस का? बरं झालं, लग्नाला आलीस." आणि अक्षता टाकत राहिल्या.

तर मंडळी, आता तुमच्याकडं वळतो. छातीत काही झालं तर आधी डॉक्टरांकडं जा. मला विचारू नका, माझा अभ्यास टाळ-मृदंगाचा! पण डॉक्टरांनी ठणठणीत म्हटल्यावर पहारा उठवायचा की नाही? कुणी त्या भीतीपायी नातवाला उचलणं सोडलंय. कुणी डोंगरावरच्या देवीला जाणं सोडलंय. कुणी गाणं सोडलंय. आपापले थांबे आपल्यालाच ठाऊक. आणि तुमच्या शेजारी कुणी दचकत असेल, तर त्याला शहाणपण शिकवू नका. भिंतीला टेकून जवळ बसा त्याच्या.

ठेवा बरं सगळ्यांनी तळहात छातीवर. काका, मोजायचं नाही! नुसतं ठेवायचं. हा आतला सेवक देवानं दिला, फुकट दिला, न मागता दिला. म्हणा त्याला — उपकार आहेत.

झालं? आता ते हात खाली घ्या आणि टाळ उचला. वाजवताना एखादा ठोका चुकेल, चुकू द्या. भजन थांबवू नका!