मोहाखालची झाडलेली जागा

माहं माहेर अकोल्याचं, जुन्या शहरातलं. आमी माळी, माय हार गुंफे आन् बाप बाजारात बसून इके, तं मले जंगल काय ठाऊक, झाड म्हनजे आमच्या गल्लीतला एक कडुनिंब. लग्न होऊन इकडं आली, अचलपूरच्या वरतं, डोंगराच्या पायथ्याशी. दोन एकर वावर, त्यात वांगे, मिरच्या, सांबार म्हनजे तुमची कोथिंबीर, आन् धुऱ्यावर, बांधावरच म्हना, एक जुना मोह. काय सांगू तुमाले, दोघीच्या कवेत मावत नाई एवढा मोठा, वरतं खोडात पोकळ ढोल हाय.

सासूनं पयल्याच चैतात माह्या हातात खराटा देला. म्हनली, मोहाचं फूल दिवस निघायच्या येळेस पडते, त्याच्या आंधी खालची जागा साफ पाहिजे, नाईतं फुलाईसंगं पालाच टोपल्यात येते. कोनी कोनी तं पाला जाळूनच टाकते, पन आमच्या सासूनं कधी जाळू देलं नाई, झाडायचंच म्हने. आन् त्याच चैतात एका संध्याकायी तिनं मले ढोलीकडं बोट दाखोलं. मांजरीएवढी खार, लांबच लांब शेपूट, ढोलीच्या तोंडाशी बसली जराशी, मंग चारी पाय फाकवले, आंगाची कातडी चादरीवानी तानली, आन् वावरावरून सरकत पल्याडच्या बेहड्यावर गेली. आवाज नाई काई नाई. मी भेली तं सासू हासली, म्हनली, ते आपल्या आंधीपासूनची हाय वो, तिचा वाटा तिले राहू दे. सासू गेली आता. खराटा माह्याकडं आला.

मागच्या वर्षी गावात बोलनं आलं का उतारावर हाटेल होऊन राहिलं, बंगले, रस्ता, सारं. रस्ता आमच्या धुऱ्यावरून. आता आमच्या ह्याईचे गुडघे गेले, भाजीचं टोपलं घेऊन एस्टीत चढतानी कंडक्टरनं हात देला तं चढते मानूस. मले वाटलं, हाटेल झालं तं भाजी इथंच देऊ, एस्टी सुटन. एवढाच लोभ होता, खोटं काहून सांगू.

मंग ऐन चैतात अमरावतीहून एक मॅडम आली, संगं दोन मानसं. हाटेलाच्या आंधी पाहायचं म्हने का इथं उडती खार राहते का नाई, राहत असली तं बांधकाम अडते. ओसरीवर चहा पेली आन् इचारलं, मावशी, अशी खार दिसली काय कधी तुमाले. आमचे हे पटकन म्हनले, नाई बा, इकडं कुठची, आन् जुने झाडं पाहाचे असन तं नाल्याकडं पाहा. मी कपबशा उचलल्या. म्हनजे मी नाई म्हनली नाई, पन हाय बी म्हनली नाई. कपबशा घेऊन आत गेली, बस.

दुसऱ्या दिवशी सकायी मी रोजच्यावानी मोहाखाली झाडलं. ते लोक दिवसभर नाल्याकडं फिरले, संध्याकायी टॉर्च घेऊन तिकडंच. तिकडं काई भेटलं नाई, तं येतानी मॅडमनं मले फोनमंदी दुसऱ्या जंगलातले फोटो दाखोले, बारक्या गोल लेंड्या, कुरतडून टाकलेले फुलं, दातानं कापलेले पानं. म्हने खार दिसो का ना दिसो, झाडाखाली एवढं सापडलं तरी पुरे होते. अवं, हेच तं मी हरेक चैतात रोज टोपल्यात भरून उकिरड्यावर टाकून राहिली होती.

तिसऱ्या दिवशी ते आमच्या धुऱ्यावर येनार होते. आयका, आदल्या दिवशीचं झाडनं ते सवयीचं होतं, त्याले चूक म्हना. तिसऱ्या दिवशी मी जानून झाडलं. खराट्यानं झाडलं, मंग बसून हातानं येचलं, मुयाच्या खाचीत अडकलेली एकएक लेंडी येचली. वरून ते खार पाहून राहिली असन असं मनात आलं, आन् मी वर पाहिलं नाई.

मॅडम आली. खोडावर टकटक केलं, लय येळ वाट पाहिली, ढोलीतून काई निघालं नाई. गुडघ्यावर बसून सारी जागा पाहिली. मंग उठली, हात झटकले आन् मले म्हनली, मावशी, देवघरावानी ठेवता तुमी ही जागा. जातानी हात जोडले तिनं मले. थापड मारली असती तं बरं वाटलं असतं.

इथं खार नाई असा कागद गेला. आमच्या मोहावर लाल रंगाचा नंबर पडला, तोडायच्या झाडाईचा. हे म्हनत, एका खारीपायी काहून जिवाले लावून घेतं. त्याईचं काय चुकलं म्हना, गुडघे त्याईचे दुखते. पन दोन घास खाल्ले का मले ते हात जोडलेले दिसत.

यंदाच्या चैतात मी झाडलं नाई. पाला साचला, फुलं मातीत गेले, शेजारीन म्हने, काहून वो, आंगात आयस भरला काय. भरू दे. रोज सकायी जातो मी, पन फुलं नाई येचत. हा बिस्किटाचा डबा पाहा. लेंड्या हायेत, खाल्लेले फुलं, कापलेले पानं, हरेक दिवसाचं येगयं फडकं. काल ह्याईले सांगतलं. म्हनले, जाय, पन माहं नाव नोको सांगू. मी म्हटलं, झाडलं मी, सांगीन बी मीच.

उद्या पयल्या एस्टीनं अमरावतीले जाऊन राहिली, मॅडमच्या हापिसात. मोह वाचन का नाई, मले माईत नाई, उशीर झाला असन. तुमी लिहून राहिले तं एवढं लिहा का मॅडम चुकली नाई, तिनं नीट पाहिलं. खार तवाबी होती, आताबी हाय. खाली काई सापडलं नाई, काहून का मी झाडलं. माहं नाव लिहा, शेवंता. भलं होईन तुमचं बाप्पा.

जानून झाडलं त्या दिवसापासून मी त्या झाडाखाली खालीच पाहून राहिली, ढोलीकडं पाहायची हिंमत झाली नाई. अमरावतीहून आली का मंग पाहीन.